वेळेचाही फेरफार हवा

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या कामावर सकाळी मजुरांचा फोटो काढला जातो. तिथे रेंज नसते. फोटो मोबाइलमध्येच पडून राहतो आणि संध्याकाळी गावात परतल्यावर सर्व्हरवर चढतो. आता त्या एका फोटोला तीन वेळा चिकटलेल्या असतात. माणसे प्रत्यक्ष कामावर उभी होती ती पहिली, मोबाइलच्या घड्याळाने लिहिली ती दुसरी आणि सर्व्हरने फोटो मिळाल्याची नोंदवली ती तिसरी. तिन्हींचा मेळ बसला तर कुणी काही विचारत नाही. मेळ बसला नाही, तर सगळे येऊन एका प्रश्नावर अडते. चुकलेली वेळ दुरुस्त करायची का, आणि करायची तर कशी?

हा प्रश्न आज बुलडाणा जिल्ह्यातल्या घाटावरच्या आणि घाटाखालच्या अशा दोन्हीकडच्या तालुक्यांचा आहे. रोजगार हमीच्या कामांवर मोबाइल अ‍ॅपने हजेरी घ्यायला केंद्राने २०२१ मध्ये सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती कामांवर सक्तीची केली. दिवसातून दोनदा, ठिकाण आणि वेळ यांचा शिक्का असलेला फोटो काढायचा, अशी ती पद्धत. त्याच २०२१ च्या १५ ऑगस्टला राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हातातल्या मोबाइलवर आली. पीक विम्यात गारपीट, पाणी साचणे अशा स्थानिक आपत्तीचे नुकसान ७२ तासांच्या आत कळवण्याची अट कित्येक हंगाम लागू होती. हजेरीपटावरच्या सहीची, तलाठ्याच्या नोंदीची आणि पंचांच्या साक्षीची जागा अशा रीतीने टाइमस्टॅम्पने, म्हणजे वेळेच्या शिक्क्याने घेतली. तो शिक्का खोटा पडू शकतो, हे मात्र या व्यवस्था आखताना पुरेसे कुणी मनावर घेतले नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हा तिढा फार आधीपासून ठाऊक आहे. एखादा प्रोग्राम संथ का चालतो हे शोधण्यासाठी ते प्रोफाइलर नावाचे साधन वापरतात. प्रोग्राम चालू असताना त्याचा कोणता भाग किती वेळ खातो, हे प्रोफाइलर मोजतो आणि फाइलींत लिहून ठेवतो. लिनक्स या संगणक प्रणालीवरचे पर्फ हे त्यातले एक परिचित साधन. अशा साधनाच्या फाइलीवर वेळ चुकीची पडली, तर आतले मोजमाप अचूक असूनही निष्कर्ष फसतो. समजा, हजेरीचे अ‍ॅप दुपारी साडेबाराला अडखळले. आंतरराष्ट्रीय वेळ आणि भारतीय वेळ यांच्यातले साडेपाच तास चुकून दोनदा मिळवले गेले आणि फाइलीवर संध्याकाळचे सहा पडले. इंजिनिअर मग सर्व्हरची संध्याकाळी सहाची नोंद काढून पाहणार. त्या वेळी सगळीकडून फोटो चढत असल्याने सर्व्हर दमलेला दिसणार आणि सगळा दोष गर्दीवर जाणार. खरे दुखणे दुपारचे होते आणि कदाचित मोबाइलमधल्या प्रोग्राममध्येच होते. पैसे नवा सर्व्हर घेण्यात जातील आणि अ‍ॅप तसेच अडखळत राहील.

वेळ चुकते कशी, हे आधी नीट पाहायला हवे, कारण दुरुस्तीचा मार्ग त्यावर ठरतो. मोबाइलमधला क्वार्ट्झचा स्फटिक दिवसाला एखाद-दुसऱ्या सेकंदाने पुढे-मागे होतो. महिनाभर रेंज मिळाली नाही तरी ती चूक मिनिटाच्या आसपास राहते. हजेरीचा वाद त्यामुळे होत नाही. मोठ्या चुका इतर कारणांनी होतात. बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडतो आणि सुरू होताना जुनी वेळ धरतो. कुणीतरी स्वयंचलित वेळ बंद करून हाताने घड्याळ फिरवलेले असते. एक प्रोग्राम भारतीय वेळ लिहितो आणि दुसरा तीच आंतरराष्ट्रीय वेळ समजून वाचतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सातला केलेली नोंद त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या रात्री साडेबाराची होऊन बसते आणि मुदतीबाहेर पडते. फाइल एका जागेवरून दुसरीकडे नेताना मूळ वेळ गळून नकलेची वेळ बसते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोतून तर आत लिहिलेली वेळ आणि ठिकाण दोन्ही निघून जातात.

दुरुस्ती तत्काळ करावी, असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. वेळ ही नुसती माहितीसाठी लिहिलेली नसते, यंत्रे तिच्यावर निर्णय घेतात. प्रोग्राम बांधणारे मेक हे जुने साधन कोणती फाइल नवी आणि कोणती जुनी हे तिच्यावरच्या वेळेवरून ठरवते. फाइलीवर भविष्यातली वेळ दिसली, तर बांधणी अपुरी राहिली असेल, असा इशारा ते देते. त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले की दुरुस्त केलेला भाग प्रोग्राममध्ये येतच नाही आणि माणूस दिवसभर नसलेल्या चुकीच्या मागे लागतो.

याहून मोठे उदाहरण १ जानेवारी २०१७ चे. पृथ्वीच्या फिरण्याशी जागतिक घड्याळ जुळवण्यासाठी त्या वेळी एक लीप सेकंद वाढवण्यात आला. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या नाव शोधून देणाऱ्या सेवेत एक प्रोग्राम दोन वेळांची वजाबाकी करत होता आणि वेळ कधी मागे जात नाही असे गृहीत धरून चालला होता. त्या क्षणी उत्तर ऋण आले, प्रोग्राम कोलमडला आणि काही संकेतस्थळांचे पत्ते सापडेनासे झाले. तो प्रोग्राम ज्या गो भाषेत लिहिला होता, तिच्यात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या १.९ आवृत्तीत बदल झाला. वेळेच्या प्रत्येक नोंदीसोबत, कधीही मागे न जाणाऱ्या दुसऱ्या घड्याळाचे वाचनही जपले जाऊ लागले. एका सेकंदाची चूक सोडून देण्यासारखी वाटते. पण जी व्यवस्था वेळेवर आंधळा विश्वास टाकते, तिच्यासाठी सेकंदही पुरेसा असतो.

या बाजूचा आणखी एक मुद्दा आम्हाला सर्वांत वजनदार वाटतो. चुकीची वेळ तशीच राहू देणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे. सकाळच्या फोटोची मुदत अकराची आहे, माणसे ९ वाजून ४० मिनिटांनी कामावर उभी होती आणि फोनचे घड्याळ बिघडल्यामुळे फोटोवर ११ वाजून १० मिनिटे पडली, असे समजा. नोंद जशी आहे तशी ठेवायची असे कार्यालयाने ठरवले, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. चूक यंत्राची होती आणि भरपाई मजुराच्या खिशातून झाली. मूळ नोंद न बदलण्याचा आग्रह कितीही शुद्ध असला, तरी त्याची किंमत बहुतेक वेळा ज्याच्या हाती काहीच नसते त्याला मोजावी लागते.

आता दुसरी बाजू. नोंदीला हात लावू नये असे म्हणणारे हट्टी आहेत, असे मानण्याचे कारण नाही. नोंद हा पुरावा असतो आणि ज्याला पुरावा बदलता येतो त्याला तो बनवताही येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलीचा हॅश द्यावा लागतो. हॅश म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ठसा वेगळा येतो. कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात लिहिलेली वेळ हा त्या मजकुराचाच भाग असतो. ती सद्‌हेतूने दुरुस्त केली तरी हॅश बदलतो आणि मूळ फोटो हाच का, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. मजुराच्या भल्यासाठी केलेली दुरुस्ती उद्या त्याचाच पुरावा निकामी करू शकते.

गैरवापराची भीतीही काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून हजेरीच्या अ‍ॅपमधले प्रकार राज्यांच्या नजरेस आणले. कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात होते, फोटोवरून पुन्हा फोटो काढला जात होता, फोटोतली माणसे आणि नोंदवलेली संख्या जुळत नव्हती. अशा व्यवस्थेत वेळ बदलण्याची मुभा कार्यालयातल्या कुणालाही दिली, तर ती कष्टकऱ्यापेक्षा लबाडाला आधी सापडेल, या युक्तिवादाला उत्तर द्यावेच लागते.

शिवाय दुरुस्तीतूनच नवी चूक जन्माला येते. लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याचा, अलीकडचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. फाइल बदलल्याची वेळ लिनक्स नॅनोसेकंदांच्या आकड्यात लिहितो, पण ती घेत असे केवळ कर्नलच्या टिकटिकीवरून, आणि ही टिकटिक अनेक यंत्रणांत ४ मिलिसेकंदांनी होते. तेवढ्यात फाइल दोनदा बदलली, तर दोन्ही बदलांवर एकच वेळ पडत असे. नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या एनएफएस सेवेला मग दुसरा बदल कळतच नसे आणि वापरणाऱ्याला शिळी प्रत मिळू शकत असे. उपाय असा निघाला की, एखाद्या फाइलीची वेळ कुणी वाचून गेले असेल, तर तिच्या पुढच्या बदलावर बारीक घड्याळाची वेळ घालायची आणि बाकीच्या फाइलींना जुनीच ढोबळ वेळ द्यायची. प्रत्येक वेळी बारीक घड्याळ वाचणे महाग पडते, म्हणून ही काटकसर. २०२३ मध्ये ६.६ आवृत्तीच्या तयारीत हा बदल घेतला गेला आणि ती प्रसिद्ध होण्याआधीच मागे घ्यावा लागला. बारीक वेळ मिळालेली फाइल आणि तिच्यानंतर बदललेली पण ढोबळ वेळ मिळालेली फाइल शेजारी ठेवल्या, तर नंतरची फाइल आधीची दिसत होती. प्रत्येक वेळ अधिक अचूक करण्याच्या नादात आधी काय आणि नंतर काय हा क्रमच मोडला होता. पुन्हा काम झाले. एकदा बारीक वेळ दिली की त्यानंतर कोणत्याही फाइलीला तिच्याआधीची वेळ देता येणार नाही, अशी तळरेषा आखली गेली. सुधारलेला बदल जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ आवृत्तीत स्थिरावला.

या प्रसंगातून दोन्ही पक्षांनी काही शिकण्यासारखे आहे. दुरुस्ती नको म्हणणाऱ्यांचा इशारा खरा ठरला, कारण घाईची दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा घातक निघाली. पण त्या अभियंत्यांनी हात टेकले नाहीत. त्यांनी दुरुस्ती मागे घेतली, काय मोडले ते शोधले आणि क्रम राखणारी दुरुस्ती घेऊन परत आले. आकडा किती बारीक आहे यापेक्षा घटनांचा क्रम शाबूत आहे की नाही, हे आधी पाहायचे, एवढी शिस्त त्यातून घेता येते.

संगणकांची घड्याळे जुळवणाऱ्या एनटीपी पद्धतीतही असाच पेच आहे. घड्याळ चुकलेले आढळले, तर ते एकदम उडी मारून बरोबर करता येते किंवा हळूहळू सरकवत नेता येते. सरकवण्याची नेहमीची मर्यादा सेकंदाला अर्धा मिलिसेकंद आहे. त्या गतीने एका सेकंदाची चूक भरून काढायला सुमारे ३३ मिनिटे लागतात आणि दहा मिनिटांची चूक भरायला जवळजवळ चौदा दिवस. उडी मारली तर चूक लगेच जाते, पण त्या क्षणी चालू असलेली सगळी मोजमापे फाटतात. सरकवले तर मोजमापे सांधलेली राहतात, पण चौदा दिवस चुकीच्या वेळेत जगावे लागते. म्हणून ही पद्धत साधारणपणे १२८ मिलिसेकंदांपर्यंतचा फरक सरकवून भरते आणि त्यापलीकडे उडी मारते. या क्षेत्रात निर्दोष उपाय नसतो. कोणता तोटा कुठे सोसायचा हे आधी ठरवून, सर्वांना सांगून, मग वागायचे असते.

असा आधी ठरवलेला आणि सर्वांना ठाऊक असलेला मार्ग आपल्याकडे शतकभराहून अधिक काळ आहे. सातबाऱ्यावरचे नाव बदलायचे असते तेव्हा तलाठी जुने नाव खोडत नाही. ते कंसात जाते, नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक पडतो आणि तो क्रमांक गाव नमुना सहामध्ये काढला की बदल कशामुळे, कुणाच्या अर्जावर, कोणत्या दस्तावरून झाला ते कळते. मंजुरीआधी संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि हरकत आली तर ती वादाच्या वेगळ्या वहीत चढते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हे सगळे बांधून दिले आहे. जमिनीच्या बाबतीत खाडाखोड कुणी खपवून घेणार नाही. वेळेच्या बाबतीत मात्र एकतर खाडाखोड करायची किंवा चूक कायम ठेवायची, असे दोनच पर्याय आपल्यापुढे ठेवले जातात. आमचे म्हणणे असे की, वेळेचाही फेरफार व्हावा. मूळ वेळ कंसात राहावी, सुधारित वेळ तिच्याशेजारी यावी आणि कारण, आधार व दुरुस्ती करणारा यांची नोंद स्वतंत्र वहीत असावी. फोटो अस्पर्श राहिल्यामुळे त्याचा हॅश टिकतो आणि मजुराची मजुरीही टिकते.

सुधारित वेळ आणायची कुठून? इथे तंत्रज्ञान मदतीला येते आणि त्यासाठी महागडे काही लागत नाही. मोबाइलमध्ये भिंतीवरच्या घड्याळासारखी दिसणारी वेळ असते, तसाच फोन सुरू झाल्यापासून गेलेले सेकंद मोजणारा एक गणकही असतो. घड्याळ हाताने फिरवता येते, हा गणक मागे जात नाही. वरच्याच उदाहरणात फोटो काढताना गणकावर १२,००० सेकंद होते आणि संध्याकाळी सर्व्हरशी संपर्क झाला तेव्हा ४२,००० होते, असे धरा. सर्व्हरच्या खात्रीच्या घड्याळात तेव्हा सहा वाजले आहेत. मधले ३०,००० सेकंद म्हणजे ८ तास २० मिनिटे. सहातून ती वजा केली की फोटोची खरी वेळ ९ वाजून ४० मिनिटे निघते, फोनचे घड्याळ काहीही दाखवत असो. दुसरा साक्षीदार आकाशात आहे. फोटोवर ठिकाणाचा शिक्का मारण्यासाठी अ‍ॅप उपग्रहांचे संकेत घेतेच, आणि त्या संकेतांसोबत अणुघड्याळांवरची वेळ येते. तिला रेंज लागत नाही. जे अ‍ॅप अक्षांश-रेखांश लिहून घेते आणि त्याच संकेतातली वेळ सोडून देते, ते हाताशी आलेला पुरावा टाकून देत असते.

सर्व्हरचे घड्याळ खात्रीचे असावे, याची तरतूदही आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी, किंवा त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या स्रोताशी जुळवायला सांगितले आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. म्हणजे एका टोकाला प्रमाणवेळ आहे, दुसऱ्या टोकाला मोबाइलचा गणक आहे. मधला दुवा जोडण्याचे काम तेवढे अ‍ॅप बनवणाऱ्यांचे.

तरीही काही वेळा खरी वेळ मिळणार नाही. दुपारी फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर गणक शून्यावर येतो. दाट झाडीत किंवा दरीत उपग्रहाचे संकेत मिळत नाहीत. अशा ठिकाणी ओढूनताणून एक नेमका आकडा लिहिणे अप्रामाणिकपणाचे आहे. या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातले लोणार सरोवर चांगला धडा देते. उल्काघाताने बेसाल्ट खडकात झालेल्या या विवराचे वय उष्मादीप्ती पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, सहा हजार मागे-पुढे, असे काढले गेले होते. २०११ मध्ये आरगॉन पद्धतीने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे, ४७ हजार मागे-पुढे, असे निघाले. फरक दहापटीहून मोठा आहे. पण भूवैज्ञानिकांनी जुना आकडा पुसला नाही. तो कोणत्या नमुन्यांवर, कोणत्या पद्धतीने आला होता आणि नवा कोणत्या पद्धतीने आला, हे दोन्ही शोधनिबंधांत वाचता येते. म्हणूनच पुढचा संशोधक त्यांची तुलना करू शकतो. प्रत्येक आकड्यासोबत त्याचा मागे-पुढेपणाही लिहिलेला आहे. लाखो वर्षांपूर्वीच्या घटनेचे वय सांगताना विज्ञान एवढे प्रामाणिक राहते, तर आज सकाळच्या हजेरीची वेळ सांगताना आपण का राहू नये? नोंद अशी असावी: खरी वेळ ९ वाजून १० मिनिटे ते १० वाजून ५० मिनिटे यांच्या दरम्यान, फोन मधे बंद पडल्याने याहून नेमकी सांगता येत नाही.

आणि मग एक नियम स्पष्ट शब्दांत लिहिलेला हवा. मुदत दोन वेळांमधल्या या पट्ट्याच्या बाहेर असेल तर प्रश्न नाही. मुदत पट्ट्याच्या आत येत असेल, तर निकाल मजुराच्या किंवा शेतकऱ्याच्या बाजूने जावा. संशयाचा फायदा कुणाला द्यायचा हा तांत्रिक प्रश्न नाही, तो न्यायाचा आहे. फोन व्यवस्थेने आणायला लावला, अ‍ॅप व्यवस्थेने बनवले, रेंज पोचवण्याची जबाबदारीही मजुराची नव्हती. ज्याच्या साधनात अनिश्चितता आहे त्यानेच ती सोसावी.

या सूचनेवर आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला खर्चाचा. प्रत्येक नोंदीसोबत दोन-तीन वेळा आणि कारण जपायचे म्हणजे साठवण वाढते, प्रोग्राम गुंतागुंतीचा होतो. प्रोफाइलर बनवणाऱ्यांना हा आक्षेप पुरता ठाऊक आहे, कारण मोजण्याच्या साधनाने स्वतःच वेळ खाल्ला तर मोजमापालाच अर्थ राहत नाही. लिनक्समध्ये बारीक घड्याळ गरजेपुरतेच वाचले जाते ते याचसाठी. पण हजेरीच्या फोटोत हा युक्तिवाद टिकत नाही. एका फोटोच्या आकारापुढे तीन आकड्यांची जागा नगण्य आहे आणि फोटो दिवसातून दोनदाच काढायचा आहे.

दुसरा आक्षेप माणसांवरच्या भाराचा आहे. रोजगार सेवक आधीच अ‍ॅप, मस्टर आणि ग्रामपंचायत यांच्यात पिळून निघतो. त्याला वेळेचा फेरफार भरायला लावला तर तो एक नवा कागद होईल. हा आक्षेप मान्य करूनच व्यवस्था आखावी लागेल. गणक आणि उपग्रह यांच्यावरून निघणारी दुरुस्ती यंत्राने ठरलेल्या नियमाने आपोआप करावी, माणसाने हात लावू नये. यंत्राला उत्तर सापडले नाही एवढ्याच नोंदी माणसापर्यंत याव्यात. यामुळे भार कमी होतो आणि लबाडीची वाटही अरुंद होते.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे. फेरफाराची पद्धत असूनही जमिनीच्या नोंदींत घोटाळे झालेच ना? लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी असलेल्या कलम १५५ चा आधार घेऊन हक्कच बदलले गेल्याच्या तक्रारी होत आल्या आहेत. हे खरे आहे, आणि म्हणून फेरफाराची वही असणे पुरेसे नाही, ती उघडी असावी लागते. मात्र त्या तक्रारी करता आल्या, तपासता आल्या, याचे कारणही जुन्या नोंदी शिल्लक होत्या हेच आहे. खोडून टाकलेल्या नोंदीवर तक्रार करायला आधारच उरत नाही.

हे सगळे तोलून पाहिल्यावर आमचा कौल दुरुस्तीच्या बाजूने आहे, पण चार अटींवर. मूळ नोंद कधीही पुसली जाऊ नये. दुरुस्तीने घटनांचा क्रम उलटा होत असेल, तर ती थांबवून तपासली जावी. नेमकी वेळ माहीत नसेल तिथे पट्टा लिहावा आणि त्या पट्ट्याचा फायदा ज्याचा हक्क पणाला लागला आहे त्याला मिळावा. प्रत्येक दुरुस्ती संबंधित माणसाला कळवली जावी, त्याला हरकत घेता यावी. प्रोफाइलर बनवणाऱ्या अभियंत्यालाही यातल्या पहिल्या तीन अटी लागू पडतात. त्याने फाइलीवरची चुकीची वेळ गुपचूप बदलली, तर उद्या दुसरा अभियंता त्याचे निष्कर्ष पडताळू शकणार नाही. त्याने ती तशीच ठेवली, तर दोष भलत्याच भागावर जाईल.

ज्या गावांत चावडी वाचनाने सातबाऱ्याच्या चुका लोकांसमोर वाचल्या गेल्या, तिथे वेळेच्या चुका वाचणे अवघड नाही. हजेरी, पीक पाहणी आणि विमा यांतल्या ज्या नोंदींची वेळ महिन्याभरात बदलली, त्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि ग्रामसभेत वाचावी. त्यात मूळ वेळ, सुधारित वेळ आणि कारण एवढेच असले तरी पुरे. कुणाची वेळ कुणाच्या सोयीने बदलली हे गावाला लगेच कळते, कारण त्या सकाळी कोण कुठे होते हे गावाला माहीत असते. राज्य सरकारने येत्या खरिपाआधी आपल्या अ‍ॅपमध्ये गणकाची आणि उपग्रहाची वेळ नोंदवायला सुरुवात करावी आणि या वाचनाची सुरुवात बुलडाण्यासारख्या, रेंज असलेली नि नसलेली गावे शेजारी-शेजारी असणाऱ्या जिल्ह्यापासून करावी.